डोक्यास बसलेला मार आणि मनांत शिरलेली धास्ती

(तरुण मुलामुलींच्या आईबापांसाठीं, शिक्षकांसाठीं व गांवोगांवच्या उपदेशकांसाठीं अभ्यासपाठ)



कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या देखरेखीखालील एका वसतिगृहांत सोळा वर्षांचा एक मुलगा कबड्डी खेळतांना पडला. पकड करणाऱ्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर आदळला. तो क्षणभर बसून राहिला, मग उठला, डोळे चोळले आणि पुन्हां डावांत शिरला. रक्त आलें नाहीं, टेंगूळ आलें नाहीं, शुद्धही हरपली नाहीं; तेव्हां कांहीं झालें नाहीं असेंच आम्ही सर्व समजलों.

त्या रात्रीं तो जेवला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो सांगूं लागला कीं, पुस्तक उघडलें म्हणजे अक्षरें हलतात, दिव्याकडे पाहवत नाहीं, मुलांचा गलबला सोसवत नाहीं. आठ दिवसांनीं त्याच्या छातींत धडधडूं लागलें, हातापायांस मुंग्या येऊं लागल्या, आणि आपल्याला वेड लागणार अशी धास्ती त्यानें घेतली. शाळेची शेवटली परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मीं त्यास जवळ बसवून सांगितलें कीं, हें सर्व परीक्षेचें भय आहे. मन घट्ट कर म्हणजे झालें. पुढें आईबापांनीं त्यास घरीं नेलें. त्यांनीं नेमकें उलट केलें. मेंदूस इजा झाली असें कोणीसें सांगितल्यावरून त्यांनीं त्यास पांच आठवडे अंधाऱ्या खोलींत निजवून ठेविलें. अभ्यास बंद, फिरणें बंद, मित्रांची भेटही बंद. मुलगा सुधारला नाहीं, उलट अधिकच खचला.

मी भेटावयास गेलों तेव्हां तो म्हणाला, "पाळकसाहेब, डोकं दुखतं म्हणालो, तर तुम्ही म्हणालात मनाचं आहे. मनाला भीति वाटते म्हणालो, तर घरचे म्हणतात डोक्याचं आहे. मी सांगू तरी काय?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. पुढें तालुक्याच्या गांवीं एका सुज्ञ डॉक्टरांनीं आम्हां सर्वांस समजावून सांगितलें तेव्हां कळलें कीं मुलाचीं दोन्ही गाऱ्हाणीं खरीं होतीं. मार मेंदूस लागला होता आणि धास्ती मनांत शिरली होती. दोन्ही एकमेकांस बळ देत होतीं. मुलगा बरा झाला, परंतु त्याचें एक वर्ष गेलें. तें वर्ष आमच्या अज्ञानामुळें गेलें, म्हणून हा पाठ लिहीत आहें.

१. मेंदूस धक्का बसणें म्हणजे काय

मेंदू हा मऊ अवयव असून तो कवटीच्या आंत पाण्यासारख्या द्रवांत असतो. भरधाव बैलगाडी एकाएकीं थांबली म्हणजे आंत बसलेली माणसें जशीं पुढें हेलकावतात, तसा डोक्यास मार बसतांच मेंदू आंत हेलकावतो. मार डोक्यावरच बसला पाहिजे असेंही नाहीं. अंगावर जोराचा आघात होऊन मान झटकली गेली तरी पुरे. या हेलकाव्यानें मेंदूचे बारीक तंतू ताणले जातात, पेशींच्या आंतबाहेरील क्षारांचा तोल बिघडतो, आणि तो सांवरण्यास मेंदूस नेहमींपेक्षां अधिक शक्ति लागते. ती पुरी पडत नाहीं म्हणून मनुष्य थकतो, गोंधळतो, त्याचें डोकें दुखतें. डॉक्टर यास कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा धक्का म्हणूं.

याविषयीं तीन गैरसमज सर्वत्र आढळतात. पहिला, शुद्ध हरपली नाहीं म्हणजे धक्का बसला नाहीं. हें खरें नव्हे. खेळांत धक्का बसलेल्यांपैकीं बहुतेकांची शुद्ध हरपतच नाहीं. दुसरा, डोक्याचें सीटी स्कॅन निर्दोष आलें म्हणजे मुलगा ढोंग करितो. सीटी स्कॅन रक्तस्राव व हाडाची मोड दाखवितें; पेशींच्या कामांतील बिघाड त्यांत दिसत नाहीं. तिसरा, त्रास व्हावयाचा तर तत्काळ झाला असता. परंतु कित्येक लक्षणें कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं प्रगट होतात. ऑगस्ट २०१९ मध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ याच्या मानेवर वेगवान चेंडू बसला. तो कांहीं वेळानें परत येऊन खेळला. दुसऱ्या दिवशीं मात्र लक्षणें दिसूं लागल्यानें त्यास सामन्यांतून काढावें लागलें, आणि पुढील कसोटी सामन्यासही तो मुकला. जगांतील उत्तम वैद्य जवळ असतां असें होतें, तर आपल्या गांवच्या मैदानावर किती सावध असलें पाहिजे!

२. दोन दुखण्यांचीं लक्षणें एकसारखीं कां

आतां चिंतेकडे वळूं. मनुष्य घाबरला म्हणजे शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीस लागतें. छाती धडधडते, मानेचे व खांद्यांचे स्नायू ताठतात, श्वास जलद चालतो. श्वास फार जलद झाला म्हणजे रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळें चक्कर येते, बोटांस मुंग्या येतात, डोकें हलकें वाटतें. मानेचे स्नायू ताठले म्हणजे डोकें दुखतें. चिंतेनें झोप गेली म्हणजे दुसऱ्या दिवशीं वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं.

ही यादी मेंदूच्या धक्क्याच्या यादीशीं ताडून पाहा. डोकेदुखी, चक्कर, थकवा, विसरणें, लक्ष न लागणें, चिडचिड, झोपेचा बिघाड हीं लक्षणें दोहोंकडे आहेत. शिवाय धक्क्यामुळें मनाचा तोलही बिघडूं शकतो. रडूं येणें व विनाकारण भीति वाटणें हीं त्या इजेचीच लक्षणें असूं शकतात.

म्हणून एक चक्र सुरू होतें. मार बसल्यामुळें चक्कर येते. चक्कर आली कीं मुलगी म्हणते, "माझ्या डोक्यांत कांहीं फुटलें असेल." त्या भीतीनें श्वास जलद होतो व चक्कर वाढते. वाढलेली चक्कर पाहून तिची खात्री पटते कीं आपलें दुखणें बळावत आहे. मग ती दर घटकेस स्वतःस तपासूं लागते. अशा रीतीनें मेंदूची इजा भरून येत असतांही दुखणें चालूच राहतें. यांत ढोंग मुळींच नाहीं. भीतीनें आलेली चक्कर ही देखील खरी चक्कर होय.

३. तरुणांस हें अधिक कां जडतें

धक्का बसलेले प्रौढ खेळाडू बहुधा दोन आठवड्यांत बरे होतात; मुलें व कुमार यांस सुमारें चार आठवडे लागतात. परंतु सर्वांचें तसें होत नाहीं. कॅनडांतील नऊ रुग्णालयांत ५ ते १८ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला व तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शेवटपर्यंत पाहणी झालेल्या सुमारें २,६०० मुलांपैकीं ३१ टक्के मुलांचीं लक्षणें २८ दिवसांनंतरही टिकून होतीं. तेरा वर्षांवरील मुलें, मुली, पूर्वीं असा धक्का बसून दीर्घकाळ त्रास झालेले आणि अर्धशिशीचे रोगी यांस धोका अधिक आढळला. जीं मुलें माराच्या पूर्वींपासूनच चिंतेनें किंवा खिन्नतेनें त्रस्त असतात त्यांचें दुखणेंही लांबण्याचा संभव अधिक, असें इतर अभ्यासांवरून दिसतें. शिवाय हें वय परीक्षेचें, नोकरीच्या शोधाचें व लग्नाच्या बोलण्याचें. डोकें चालत नाहीं म्हणजे आपला पुढला सर्व मार्ग खुंटला असें त्या वयांत वाटणें स्वाभाविक आहे.

ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की याचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. १९९८ सालीं जन्मलेल्या या खेळाडूस शाळकरी वयांत फुटबॉल खेळतांना डोक्यास मार बसला, आणि पुढें क्रिकेटमध्यें तसे प्रसंग वारंवार आले. २०१८ व २०१९ सालीं मनःस्वास्थ्यासाठीं त्यानें खेळांतून रजाही घेतली. जानेवारी २०२१ मध्यें सिडनी येथें भारताविरुद्ध तो आपला पहिला कसोटी सामना खेळला व त्यानें ६२ धावा केल्या. २०२२ सालीं त्यानें उघडपणें सांगितलें कीं, तज्ज्ञांनीं तपासल्यावर पूर्वींच्या कांहीं प्रसंगांतील त्रास नव्या इजेपेक्षां मनावरील ताणामुळें झाल्याचें आढळलें. कित्येकांस वाटलें असेल, म्हणजे सर्व मनाचेच खेळ! परंतु मार्च २०२४ मध्यें पुन्हां चेंडू शिरस्त्राणावर बसला, आणि त्याचे परिणाम इतके टिकले कीं एप्रिल २०२५ मध्यें, वयाच्या २७ व्या वर्षीं, त्यानें खेळ सोडल्याचें जाहीर केलें. त्याचा तो पहिला कसोटी सामना शेवटचाही ठरला. एकाच तरुणाच्या ठायीं ताणही खरा होता आणि इजाही खरी होती. एक सिद्ध झालें म्हणून दुसरें खोटें ठरत नाहीं, हें या उदाहरणावरून शिकावें.

४. आपल्या दोन चुका

पहिली चूक माझी: "कांहीं झालें नाहीं" असें म्हणून मुलास लगेच खेळावयास किंवा कामावर लावणें. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत ऑक्टोबर २००६ मध्यें झॅकरी लिस्टेड्ट या १३ वर्षांच्या मुलाचें डोकें शाळेच्या फुटबॉल सामन्यांत जमिनीवर आदळलें. थोड्या विश्रांतीनंतर तो त्याच सामन्यांत पुन्हां खेळला. सामना संपतांच तो कोसळला. मेंदूंत रक्तस्राव झाल्यानें त्याचे प्राण वांचविण्यासाठीं शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुन्हां पहिला शब्द उच्चारण्यास त्यास कित्येक महिने लागले. त्याच्या नांवाचा कायदा त्या राज्यांत २००९ सालीं झाला. धक्क्याचा संशय येतांच खेळाडूस बाहेर काढावें व वैद्याच्या परवानगीवांचून परत घेऊं नये, असा त्याचा आशय आहे. २०१४ सालापर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनीं खेळाडू मुलांच्या डोक्याच्या इजेविषयीं कायदे केले. आपल्या गांवीं असा कायदा असो वा नसो, नियम सोपा आहे: संशय आला कीं त्या दिवशीं पुन्हां खेळ नाहीं.

दुसरी चूक त्या आईबापांची, आणि ती प्रेमापोटीं घडते: आठवडेच्या आठवडे निजवून ठेवणें. २०१५ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथील डॉक्टरांनीं ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांचे दोन गट करून एकास पांच दिवस कडक विश्रांति दिली, व दुसऱ्यास एक-दोन दिवस विश्रांति देऊन मग हळूहळू उद्योगास लाविलें. कडक विश्रांतीचा गट लवकर बरा झाला नाहीं. उलट त्यांनींच अधिक लक्षणें सांगितलीं व तीं अधिक दिवस टिकलीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासांत १३ ते १८ वर्षांचे १०३ खेळाडू होते. ज्यांनीं सोसवेल इतका चालण्यासारखा हलका व्यायाम केला ते साधारण १३ दिवसांत बरे झाले. ज्यांनीं केवळ अंग ताणण्याचा व्यायाम केला त्यांस १७ दिवस लागले.

याचें कारण समजणें कठीण नाहीं. एकांतांत पडलेल्या मुलास आपल्या डोक्याकडे लक्ष देण्यावांचून दुसरें काम उरत नाहीं. मित्र पुढें गेले, अभ्यास मागें राहिला, आणि घरचीं माणसें कुजबुजत आहेत, हें तो पाहतो. अशा खोलींत भीति पोसली जाते.

५. पहिल्या दोन दिवसांत काय करावें

मार बसतांच मुलास खेळांतून अगर कामांतून बाजूस घ्यावें व एकटें सोडूं नये. मान दुखत असेल तर त्यास हालवूं नये. त्याच दिवशीं शक्य तों डॉक्टरांस दाखवावें. पुढील चिन्हांपैकीं एकही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करितां रुग्णालयांत न्यावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते:

वारंवार उलटी होणें, डोकेदुखी वाढतच जाणें, झोपेची गुंगी वाढणें किंवा हांक मारूनही जाग न येणें, झटके येणें, बोलणें अडखळणें, हात किंवा पाय लुळा पडणें, एक बाहुली मोठी व दुसरी लहान दिसणें, माणसें न ओळखणें किंवा भलतेंच बरळणें, नाकाकानांतून रक्त अगर पाणी येणें.

अशा वेळीं कांदा हुंगविणें, अंगारा लावणें, बाहेरची बाधा म्हणून उतारा करणें यांत जो तास जातो, तोच कित्येकदां जीव वांचविण्याचा तास असतो.

धोक्याचीं चिन्हें नसल्यास एक-दोन दिवस घरीं विसांवा द्यावा. विसांवा म्हणजे अंधार नव्हे. घरांत फिरणें, बोलणें, आईस हलक्या कामांत मदत करणें चालेल. डॉक्टरांनीं तपासलें असेल तर झोपूं द्यावें; पहिल्या रात्रीं मात्र जवळ कोणी असावें. औषध त्यांच्या सल्ल्यावांचून देऊं नये. या दोन दिवसांत मोबाईल दूर ठेवावा हें उत्तम. १२ ते २५ वर्षांच्या रुग्णांच्या एका अभ्यासांत, जो २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेले साधारण साडेतीन दिवसांत बरे झाले. ज्यांस मोकळीक होती त्यांस आठ दिवस लागले.

६. पुढील आठवड्यांची चढण

दोन दिवसांनंतर घाटाच्या चढणीप्रमाणें टप्प्याटप्प्यानें जावें. प्रथम दहा-पंधरा मिनिटें चालणें. मग थोडें वाचन. मग अर्धा दिवस शाळा, मध्यें विश्रांतीस मुभा. मग पुरा दिवस. ज्या खेळांत धक्का लागण्याचा संभव आहे ते सर्वांत शेवटीं, आणि तेही डॉक्टरांच्या अनुमतीनें. झाडावर चढणें, विहिरींत उडी घेणें व मोटारसायकल चालविणें हीं त्याच वर्गांत धरावीं. खेळांत परततांना प्रत्येक टप्प्यास निदान एक दिवस द्यावा.

चालतांना डोकें किंचित् दुखलें तर घाबरूं नये. ऑक्टोबर २०२२ मध्यें आम्स्टरडॅम येथें जगांतील तज्ज्ञ जमले होते. त्यांनीं ठरविलें कीं, दहापैकीं दोन गुणांपर्यंत त्रास वाढला व तासाभरांत ओसरला तर तो चालण्याजोगा आहे. त्याहून वाढल्यास थांबावें व दुसऱ्या दिवशीं थोडें कमी करावें. ही गोष्ट मुलास अवश्य सांगावी. थोडा त्रास म्हणजे नवी इजा नव्हे, एवढें कळलें म्हणजे त्याची अर्धी भीति जाते.

चार आठवड्यांनंतरही लक्षणें टिकलीं तर पुन्हां डॉक्टरांकडे जावें. मान, डोळे, शरीराचा तोल, झोप व मन या सर्वांची तपासणी मागावी.

७. भीतीचें काय करावें

पहिली गोष्ट, विचारावें. "डोकें कसें आहे?" असें आपण दहादां विचारितों; "भीति कशाची वाटते?" असें एकदांही विचारीत नाहीं. मुलगा सांगूं लागला म्हणजे मध्येंच उपदेश करूं नये. आम्हां पाळकांस व उपदेशकांस हें विशेष कठीण जातें. भीति वाटते म्हणून तुझा विश्वास उणा आहे, असें आजारी मुलास सांगणें म्हणजे त्याच्या डोक्यावर दुसरा घाव घालणें होय.

दुसरी, त्यास दुखण्याचें चक्र समजावून द्यावें. तिसरी, धडधड सुरू झाली कीं सावकाश श्वास घेण्यास, व घेतल्यापेक्षां अधिक वेळ लावून सोडण्यास शिकवावें. चौथी, झोपेची व उठण्याची वेळ ठरलेली असावी. पांचवी, तो ज्याला भितो तें सर्वस्वीं टाळूं देऊं नये. शाळेच्या दारापर्यंत जाऊन परत येणें हा देखील एक टप्पा आहे.

इतक्यानें भागलें नाहीं तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यांत लाज नाहीं. अमेरिकेंतील सिअॅटल येथें ११ ते १७ वर्षांच्या ४९ मुलांवर अभ्यास झाला. या सर्वांचीं लक्षणें महिन्याहून अधिक टिकलीं होतीं. कांहींस नेहमींचे उपचार मिळाले. इतरांस त्यांबरोबर विचारांची व संवयीची दिशा बदलण्याचे उपचार, आणि शाळेशीं व घराशीं समन्वय ठेवणारा मार्गदर्शक मिळाला. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांतील सुमारें ४२ टक्के मुलांचीं लक्षणें अद्याप तीव्र होतीं. दुसऱ्या गटांत अशीं मुलें केवळ १३ टक्के होतीं. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें. जगण्यांत अर्थ उरला नाहीं असें एखादा तरुण म्हणाला, तर तो लक्ष वेधण्यासाठीं बोलतो असें समजूं नये. त्यास एकटें सोडूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आज मी असें देईन: "बाळा, दोन्ही सांग. डोकें दुखतें तेंही सांग आणि भीति वाटते तेंही सांग. दोन्ही खरीं आहेत, आणि दोन्हींवर उपाय आहे." हें उत्तर त्या वेळीं मजजवळ असतें तर त्याचें वर्ष वांचलें असतें. तुमच्या गांवीं असा मुलगा किंवा मुलगी आज असेल. तिला तें उत्तर वेळेवर मिळो.

विचारासाठीं प्रश्न

१. शुद्ध हरपली नाहीं व सीटी स्कॅन निर्दोष आलें, तरी मेंदूस धक्का बसला असूं शकतो तो कसा?
२. चिंता व मेंदूचा धक्का यांत समान असलेलीं पांच लक्षणें सांगा. जलद श्वासामुळें चक्कर कां येते?
३. कोणत्या चिन्हांवरून तत्काळ रुग्णालयांत न्यावें? तीं पाठ करा व एकमेकांस म्हणून दाखवा.
४. "मन घट्ट कर" आणि "पडून राहा" या दोन्ही सल्ल्यांत काय चुकतें?
५. आपल्या गांवांत पडण्याझडण्याचे किंवा अपघाताचे प्रसंग कोठें येतात? अशा वेळीं मुलास बाजूस घेण्याची जबाबदारी कोणी घ्यावी, हें आजच ठरवा.